"सर, सोडतो मी": साताऱ्यातल्या एका बॉक्सिंग क्लबमधलं प्रकरण

निवड चाचणी 16 दिवसांवर आली होती. त्या संध्याकाळी क्लबमधल्या एका चांगल्या खेळाडूने बॉक्सिंग सोडायचं म्हटलं. पुढच्या 33 दिवसांत प्रशिक्षकाने काय केलं, कुठे थांबला आणि कुठे चुकला, ते इथे क्रमाने मांडलं आहे. मुलाची आणि घरच्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

पार्श्वभूमी

मुलगा 17 वर्षांचा, बारावी शास्त्र शाखेत. कोरेगावच्या बाजूच्या एका गावातून एसटीने साताऱ्याला ये-जा करायचा. बॉक्सिंगचं चौथं वर्ष. जिल्ह्यात दोनदा पहिला, विभागात एकदा उपांत्य फेरीपर्यंत. लांबून जॅबवर (पुढच्या हाताच्या सरळ ठोशावर) खेळणारा, पायांनी हलका, समोरच्याला चुकवून गुण घेणारा.

वडील फौजेतून निवृत्त झालेले. साताऱ्याच्या गावागावांत फौजेची परंपरा आहे आणि कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले, तेही याच जिल्ह्यातले. अशा मातीत "पाठ दाखवली" हा शब्द पोराला जन्मभर चिकटू शकतो. घरचा हिशेबही होता. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. वडिलांच्या डोक्यात राज्य स्पर्धा, प्रमाणपत्र आणि भरती एका ओळीत बसलेली होती.

क्लब शहरातल्या एका जुन्या हॉलमध्ये चालतो. 22 मुलं-मुली, एक मुख्य प्रशिक्षक (सगळे त्यांना सर म्हणतात), एक सहायक. त्या वजनगटात हा एकच मुलगा तयार होता. हे मुद्दाम सांगतो, कारण त्याच्या राहण्या-जाण्यात सरांचा स्वतःचा फायदा-तोटा गुंतलेला होता आणि पुढच्या प्रत्येक निर्णयावर त्याची सावली पडणार होती.

काय झालं

गुरुवारची संध्याकाळ. तीन राउंडचं स्पारिंग (जोडीदाराबरोबरची सरावाची लढत) ठरलं होतं. दुसऱ्या राउंडची बेल झाली तरी तो कॉर्नरमधून उठला नाही. उठला तो थेट दोरीखालून बाहेर आला आणि बाकावर बसून हातांना गुंडाळलेल्या पट्ट्या सोडायला लागला.

"सर, सोडतो मी."

"आजचं?"

"नाही. सगळंच."

सर जवळ गेले तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. उजव्या मनगटावरचं पट्टीचं टोक त्याला सापडत नव्हतं. तीनदा चाचपलं, मग दातांनी ओढलं. एरवी हा पोरगा पट्टी सुटली की मांडीवर घेऊन तिची घट्ट गुंडाळी करायचा, नवीन मुलांना तसं शिकवायचाही. त्या दिवशी दोन्ही पट्ट्या पायाशी ढिगाने पडल्या.

समस्या नेमकी कोणती

तासाभरात प्रत्येकाचं उत्तर तयार होतं. सहायक म्हणाले, वजन तोडायचा, म्हणजे गटात बसायला ते झटपट उतरवायचा, वैताग आहे. सीनियर मुलं म्हणाली, भ्याला. वडिलांना फोन गेला तेव्हा ते म्हणाले, बारावीचं निमित्त करतोय. तिघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य होतं. मुलाचं नेहमीचं वजन 58 किलो 400 ग्रॅम, गटाची मर्यादा त्याच्या 3 किलो 400 ग्रॅम खाली. दहा दिवसांत तो 56 किलो 200 ग्रॅमवर आला होता: रात्री अर्धी भाकरी, पाणी मोजून, आणि पहाटे अंगात रेनकोट घालून अजिंक्यताऱ्याच्या चढावर धाव. असं पाणी काढलेलं शरीर चिडतं, झोपत नाही, शिकवलेलं डोक्यात घेत नाही.

पण "सोडतो" या शब्दाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि त्यांवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. शरीर थकलं असेल तर विश्रांती लागते. भीती असेल तर सोप्या जोडीदाराबरोबर हळूहळू परत यावं लागतं. मन खरंच उठलं असेल तर जाऊ द्यावं लागतं. आणि डोक्याला मार लागला असेल तर बाकी सगळी चर्चा बाजूला ठेवून आधी डॉक्टर. मेंदूला हादरा बसला की डोकेदुखी आणि गरगरण्याबरोबर चिडचिड, उदासपणा, रडू येणं, झोप बिघडणं हीही लक्षणं येतात. म्हणजे "मला नको हे" असं वाटणंच कधीकधी दुखापतीचं लक्षण असतं. म्हणून तपासायचा क्रम ठरलेला हवा: पहिलं डोकं, मग वजन-झोप-खाणं, मग घर आणि शाळा, आणि मनाची गोष्ट सगळ्यांत शेवटी. बहुतेक प्रशिक्षक उलट्या टोकापासून, म्हणजे मनापासून सुरुवात करतात. तिथेच घोळ होतो.

पहिला निर्णय: बाकावरची दोन मिनिटं

सरांपुढे त्या क्षणी चार वाटा होत्या. सगळ्यांसमोर डिवचायचं. समजूत घालायची: "एवढी चार वर्षं वाया घालवणार का?" तिथल्या तिथे "बरं, सोड" म्हणायचं. किंवा निर्णयाला हातच न लावता त्या दिवशीचा सराव थांबवायचा.

डिवचणं आपल्याकडे फार चालतं, कारण त्याने मुलगा पुन्हा रिंगमध्ये चढतो. पण चढतो तो समोरच्याशी खेळायला चढत नाही, सरांना दाखवून द्यायला चढतो; हात खाली येतात, हनुवटी वर राहते. समजूत घालणं वरवर मायेचं दिसतं, पण घामाघूम आणि उपाशी पोराकडून असं घेतलेलं "हो" दुसऱ्या सकाळपर्यंतसुद्धा टिकत नाही. लगेच मान्य करणंही घाईचंच.

सरांनी चौथी वाट धरली. म्हणाले, "बरं. त्यावर आज बोलायचं नाही. आधी सांग, डोकं दुखतंय का?"

पोरगा गप्प. मग, "थोडं."

"कधीपासून?"

"त्या शनिवारपासून."

शनिवारला 12 दिवस झाले होते.

त्या संध्याकाळी आणखी दोन गोष्टी बरोबर झाल्या. त्याला एकट्याला एसटीने पाठवलं नाही. सहायकांनी गाडीने घरी सोडलं आणि आईला समोरासमोर सांगितलं की वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, जागं न होणारी झोप, बोबडं बोलणं, हातापायातली ताकद कमी होणं किंवा झटका यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, थेट दवाखाना गाठायचा. आणि सरांनी हॉलमध्ये बाकीच्या मुलांना एवढंच सांगितलं की त्याची तब्येत बरी नाही. "सोडतोय" हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. मुलाला परत यायचं झालं तर वाट मोकळी राहायला हवी होती.

त्या शनिवारी काय घडलं होतं

क्लबमध्ये हजेरीवही होती, स्पारिंगची नोंद नव्हती. सरांना आठवत होतं ते एवढंच: "चांगला खेळला, शेवटी जरा दमला." एका मुलाच्या मोबाइलमध्ये 40 सेकंदांचं चित्रण सापडलं. शुक्रवारी सर आणि सहायकांनी ते पाच-सहा वेळा पाहिलं.

समोरचा जोडीदार 21 वर्षांचा, 66 किलोचा. म्हणजे साडेसात किलोहून जास्त फरक. स्पारिंगला 16 औंसचे ग्लोव्हज वापरायचा क्लबचा नियम, पण त्या जोडीची शिवण उसवली होती म्हणून जोडीदाराच्या हातात 12 औंसचे, म्हणजे कमी गादीचे होते. तिसऱ्या राउंडच्या शेवटी डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) कानामागे बसतो. मुलगा पडत नाही. उजवा हात दोरीवर जातो, एक पाय आतल्या बाजूला मुडपतो आणि दोन सेकंद तो जोडीदाराच्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघतो. मग जॅब टाकतो, बेल होते. बाहेर येताना विचारतो, "कितवा होता?" चित्रणात मागून आवाज ऐकू येतो: "आत घे, आत घे, सोडू नको!" तो आवाज सरांचाच.

पाय लटपटणं, नजर हरवणं आणि राउंड न आठवणं, यांतलं एकही दिसलं तर तो सराव तिथेच संपतो आणि त्या दिवशी मुलगा पुन्हा रिंगमध्ये येत नाही. बेशुद्ध पडायलाच हवं असं काही नाही. डोक्यावर हेडगार्ड होतं म्हणून सगळे निर्धास्त राहिले. हेडगार्डने कातडी फुटणं आणि खरचटणं कमी होतं, आत मेंदू हलायचा तो हलतोच. त्या शनिवारनंतर या मुलाने आणखी तीन वेळा स्पारिंग केलं होतं. एक हादरा भरून येण्याआधी दुसरा बसणं किती धोक्याचं, हे इथे वेगळं सांगायला नको.

शुक्रवारी डॉक्टरांनी तपासलं. डोकेदुखी 12 दिवस टिकली आणि मधे मार लागतच राहिला म्हणून सीटी स्कॅन काढला. रक्तस्राव नव्हता. निदान मेंदूला हादरा. दोन दिवस विश्रांती, मोबाइल कमीत कमी, नंतर लक्षणं वाढणार नाहीत इतपतच हालचाल. वजन तोडणं त्याच दिवशी बंद.

दुसरा निर्णय: नाव काढणं

प्रवेशिका सोमवारी द्यायच्या होत्या. सहायकांचं म्हणणं, नाव असू दे, नंतर काढता येतं. कागदावर यात गैर काही नाही. पण नाव यादीत राहिलं की मुलाच्या, बापाच्या आणि सरांच्याही मनात तारीख जिवंत राहते आणि प्रत्येक सकाळी "आज डोकं कसं आहे" या प्रश्नाचं उत्तर त्या तारखेकडे बघून दिलं जातं. पोरं डोकेदुखी लपवतात ती अशीच.

स्पर्धेतल्या लढतीत डोक्याच्या फटक्यांमुळे नॉकआउट झाला किंवा पंचांनी लढत थांबवली, तर किमान 30 दिवस स्पर्धा आणि स्पारिंग दोन्ही बंद, असा बॉक्सिंगचा वैद्यकीय नियम आहे. तीन महिन्यांत दुसऱ्यांदा तसं झालं तर 90 दिवस. इथे नॉकआउट नव्हता. तरीही सरांनी 30 दिवसांची रेषा आखली आणि नाव काढलं. आमच्या मते या प्रकरणातला हा सगळ्यात मोलाचा निर्णय. त्या गटात क्लबकडून कुणीच उतरलं नाही.

तिसरा निर्णय: घरी जाणं

रविवारी सर एकटे मुलाच्या घरी गेले. वडिलांनी पहिलंच वाक्य टाकलं, "आमच्या घरात कुणी मधेच सोडून आलं नाही."

सरांनी वाद घातला नाही. मोबाइलवर ते चित्रण लावलं आणि बापाच्या हातात दिलं. पाय मुडपला तिथे थांबवून म्हणाले, "सुभेदार साहेब, हा पोरगा यानंतर तीन दिवस रिंगमध्ये उतरला. माझ्या सांगण्यावरून. चूक माझी आहे, त्याची नाही." वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. बोलली ती आई, चुलीपाशी बसून: "रातचा झोपत न्हाई सर त्यो. आन् स्पारिंगच्या दिशी सकाळी वकतो. मला म्हनला, सरांना सांगू नगं."

उलटीची ही गोष्ट गेल्या पावसाळ्यापासूनची, म्हणजे त्या शनिवारच्या खूप आधीची. डॉक्टरांना ती लगेच कळवली. पण सरांना त्यातून आणखी एक कळलं, की सगळं त्या हुकवर ढकलून चालणार नाही. डोकं बरं झालं तरी "सोडतो" उरू शकतं.

तिथेच तिघांत ठरलं: 30 दिवस कुणीही निर्णय घ्यायचा नाही आणि कुणी विचारायचाही नाही. मुलाने क्लबला यायचं की नाही ते तो बघेल. परत यायच्या पायऱ्या सरांनी कागदावर लिहून दिल्या:

पहिली, सपाटीवर 20 मिनिटं चालणं. दुसरी, हलकं धावणं आणि दोरी, धाप लागेल इतकं नाही. तिसरी, शॅडो (समोर कुणी नसताना हवेत ठोसे मारणं) आणि पायांचा सराव. चौथी, लटकती बॅग आणि पॅड (समोरच्याने हातात धरलेल्या गाद्या) यांवर ठोसे. पाचवी, लक्षणं पूर्ण जाऊन डॉक्टरांचा लेखी होकार आल्यावरच स्पारिंग.

दोन पायऱ्यांत किमान 24 तास. डोकं दुखलं की एक पायरी खाली. चौथीवर जाण्याआधी लक्षणं पूर्ण गेलेली हवीत, कारण बॅगवर जोराने मारलं तरी मान आणि डोकं हादरतं.

नवव्या दिवशीची चूक

सहाव्या दिवसापासून मुलगा संध्याकाळी येऊन मैदानावर चालायला लागला. सरांशी दोन शब्द बोलायचा. नवव्या दिवशी, रात्री साडेदहाला, सरांनी त्याला त्याच्याच विभागीय स्पर्धेतल्या लढतीचं चित्रण पाठवलं. खाली लिहिलं, "हा तू आहेस."

हेतू चांगला होता यात शंका नाही. पण 30 दिवस विचारायचं नाही हे ज्यांनी ठरवलं, त्यांनीच दुसऱ्या शब्दांत विचारलं. पंधराव्या दिवसापर्यंत मुलगा आला नाही. सोळाव्या दिवशी आला तेव्हा सरांनी त्याला बाजूला घेतलं: "तो मेसेज मी पाठवायला नको होता." बस्स, एवढंच. खुलासा दिला नाही. मोठ्या माणसाने अशी चूक कबूल केलेली या वयाच्या मुलांनी फारशी पाहिलेली नसते, आणि त्यानंतर तो मोकळा बोलू लागला असं सहायकांचं निरीक्षण आहे.

रिंगमध्ये म्हणाला असता तर

हे थोडं विषयाबाहेरचं, पण प्रशिक्षक हमखास विचारतात. लढतीत दोन राउंडच्या मधे 60 सेकंद मिळतात. त्यात खेळाडू "नको" म्हणाला तर वर दिलेली कुठलीही चर्चा लागू होत नाही, लढत सोडायची. राउंड चालू असताना रिंगमध्ये टॉवेल टाकून लढत सोडता येते, फक्त पंच मोजत असताना नाही. 1 ऑक्टोबर 1975 रोजी फिलिपीन्समध्ये मोहम्मद अलीविरुद्ध 14 राउंड झाल्यावर जो फ्रेझरला पुढे खेळायचं होतं, पण डोळे सुजून दिसेनासं झालं होतं. प्रशिक्षक एडी फुच यांनी त्याला पंधराव्याला उठू दिलं नाही. खेळाडू "खेळतो" म्हणत असतानाही थांबवणं हे जर प्रशिक्षकाचं काम असेल, तर तो स्वतः "नको" म्हणतोय तेव्हा विचार कसला करायचा?

निकाल

एकोणिसाव्या दिवशी डोकेदुखी पूर्ण थांबली, झोप जागेवर आली. सकाळच्या उलट्यांत डॉक्टरांना पोटाचा दोष सापडला नाही. स्पारिंग बंद झाल्यावर त्या आपोआप थांबल्या होत्या. वजन परत 58 वर. सव्विसाव्या दिवशी त्याने चार राउंड बॅग मारली आणि बघणाऱ्यांना वाटलं, आला परत.

तिसावा दिवस शनिवारी होता. तो आला नाही. मंगळवारी आला, सगळे गेल्यावर.

"सर, बॅग आवडते. पॅड आवडतात. लढत नको."

"भीती वाटते?"

"आधी वाटायची. आता तसं नाही. मला कुणाला मारायचंच नाहीये."

सरांनी विचारलं, हे उत्तर आजचं आहे की खूप दिवसांचं. म्हणाला, दीड वर्षाचं.

सरांनी मान्य केलं आणि त्याच आठवड्यात व्यावहारिक गोष्टी उरकल्या. चार वर्षांची सगळी प्रमाणपत्रं शोधून त्याच्या हातात दिली, सवलतीच्या गुणांसाठी आणि क्रीडा खात्याच्या पडताळणीसाठी काय लागेल ते समजावलं. कागद अडकवून ठेवणारे प्रशिक्षक आहेत, आणि ते मुलाच्या भविष्यावर बसणं आहे. वडिलांना सर पुन्हा भेटले. वडिलांना अजूनही वाईट वाटतं; ते लपवतही नाहीत. पण घरात त्या विषयावर बोलणं थांबलं आहे.

मुलगा बारावी पास झाला. आठवड्यातून दोन संध्याकाळी येतो, 12-13 वर्षांच्या मुलांना पॅड धरतो. स्पर्धेत उतरलेला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, त्या शनिवारचा तिसरा राउंड थांबवायला हवा होता. स्पारिंगची नोंदवही असती तर वजनातला फरक आणि ग्लोव्हज लिहितानाच कुणाच्या तरी डोळ्यांवर आले असते. आता क्लबमध्ये ती आहे: तारीख, जोडी, दोघांचं वजन, ग्लोव्हजचे औंस, राउंड, डोक्याला बसलेला मोठा फटका, दुसऱ्या दिवशीची तब्येत. शेवटचा रकाना दुसऱ्या दिवशी खेळाडूला विचारून भरायचा असतो आणि कंटाळा नेमका तोच भरायचा येतो. चार किलोपेक्षा जास्त फरकाची जोडी लावायची झाली तर मोठ्याने फक्त जॅब वापरायचा, डोक्यावर जोर नाही.

वजनाचं गणित मुळातच चुकीचं होतं. वाढत्या वयातल्या मुलाचं साडेतीन किलो पाणी-घामावर काढण्यापेक्षा त्याला वरच्या गटात खेळवून एखादी लढत हरू दिलेली बरी.

सकाळची उलटी आईला माहीत होती, सरांना नव्हती. वर्षातून दोनदा तरी पालकांशी स्पर्धा आणि पैसे सोडून बोलणं व्हायला हवं होतं. "झोपतो का, जेवतो का, यायच्या दिवशी कसा असतो?" एवढे तीन प्रश्न पुरले असते.

एक गोष्ट मात्र पूर्ण राहून गेली. तो 66 किलोचा जोडीदार. चित्रण क्लबमध्ये फिरलं, कारण काय ते सगळ्यांना कळलं, आणि त्याच्याशी कुणी बोललं नाही. त्याने सांगितलं तेच केलं होतं. दोन महिने तो स्पारिंगमध्ये हात राखून खेळत होता, नंतर जिल्ह्याच्या लढतीतही तसाच खेळला आणि हरला. तेव्हा कुठे सरांच्या लक्षात आलं. पहिल्याच आठवड्यात त्याला बाजूला घेऊन "आत घे म्हणून मी ओरडत होतो, तू नाही" एवढं सांगायला पाच मिनिटं लागली असती.